दक्षिण कमांड आणि कोल्हापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्टीनच्या रांगेत, गडहिंग्लजच्या एसटीत, माजी सैनिकांच्या मेळाव्यात हे प्रश्न कायम निघतात आणि दर वेळी नवीन उत्तर ऐकायला मिळतं. भरतीच्या तयारीतली पोरं विचारतात, नातू आजोबांच्या पलटणीबद्दल विचारतात, आणि इतिहासाची आवड असलेले १८५७ चं काढून बसतात. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं आहे.

कोल्हापूर लष्करात पुण्याखाली येतं की बेळगावखाली?

प्रदेश म्हणून पुण्याखाली. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्याच्या कॅम्पात आहे आणि कोल्हापूर जिल्हा तिच्या हद्दीत येतो. बेळगावात आहे ते मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. तिथं रंगरूट घडतात, कसम परेड होते, जवानांची रेकॉर्ड राहतात. त्या सेंटरची कोल्हापूरच्या जमिनीवर कसलीही हुकमत नाही.

तरी आपल्याकडे घराघरांत नाव निघतं ते बेळगावचंच, आणि ते साहजिक आहे. चंदगड किंवा आजऱ्याचा पोरगा घर सोडतो तेव्हा तो बेळगावला जातो. पुण्याचं मुख्यालय त्याच्या नजरेला कधी पडेलच असं नाही. पलटण लडाखला गेली की तो उत्तर कमांडच्या हुकमाखाली, आसामात गेली की पूर्व कमांडच्या. कोल्हापूरचा जवान सबंध नोकरी दक्षिण कमांडमध्ये एकही दिवस न काढता पेन्शनीत येऊ शकतो. रेजिमेंट माणसाची असते, कमांड प्रदेशाची. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचे निम्मे घोळ मिटतात.

मग एरिया आणि सब एरिया हे काय प्रकरण?

कमांडच्या हाताखाली दोन वेगळ्या साखळ्या असतात. एक लढणारी : कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड, बटालियन. दुसरी जागा सांभाळणारी : एरिया, सब एरिया, स्टेशन हेडक्वार्टर. दुसऱ्या साखळीकडे लष्कराच्या जमिनी, क्वार्टर, इस्पितळं, माजी सैनिकांची कामं आणि मुलकी प्रशासनाशी बोलणी येतात. युद्ध झालं तर पहिली साखळी निघून जाते, दुसरी जागेवर राहते.

आपल्या बाजूला महाराष्ट्र, गुजरात व गोवा एरियाचं मुख्यालय मुंबईत आहे, आणि दक्षिण महाराष्ट्र व गोवा सब एरियाचं पुण्यात.

दक्षिण कमांड सुरू कधी झाली?

स्थापना दिवस १ एप्रिल १८९५ हा धरतात. त्याआधी हिंदुस्थानात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन वेगळ्या फौजा होत्या. प्रत्येकीचा सेनापती वेगळा, हिशेब वेगळा. त्या दिवशी तिन्ही मोडून एक फौज केली आणि तिचे चार कमांड पाडले : पंजाब, बंगाल, मद्रास आणि मुंबई. मुंबई कमांड पुण्यातून चालायचा. मुंबई फौजेचे शेवटचे सेनापती सर चार्ल्स नेर्न हेच त्याचे पहिले प्रमुख झाले.

पुढं हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती लॉर्ड किचनेरनं घडी बदलली आणि १९०८ च्या सुमाराला उत्तर सेना आणि दक्षिण सेना असे दोनच भाग उरले. पहिल्या महायुद्धात ही रचना किती लंगडी आहे ते कळलं. १९२० मध्ये पुन्हा चार कमांड झाले आणि 'सदर्न कमांड' हे नाव पुण्याला चिकटलं ते तेव्हापासून. मध्ये १९४२ ते १९४५ या काळात तिला 'सदर्न आर्मी' म्हणत. जपान बंगालच्या उपसागरात उतरला होता आणि दक्षिणेचा किनारा उघडा होता, तेव्हाची ती गोष्ट.

थोडक्यात, १८९५ ही तारीख सोयीची आहे. पुण्यातून दख्खनवर लष्करी देखरेख ठेवण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी, पेशवाई बुडाली तेव्हापासून चालू होतं.

जुन्या कागदांत 'पूना डिस्ट्रिक्ट' येतं. तो पुणे जिल्हाच का?

नाही. १९२० नंतरच्या रचनेत कमांडचे लष्करी विभाग पाडले होते आणि त्यांना डिस्ट्रिक्ट म्हणत. दक्षिण कमांडमध्ये पूना, बॉम्बे, मद्रास, डेक्कन अशी डिस्ट्रिक्ट होती. कलेक्टरच्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध नव्हता, त्यांची हद्द कितीतरी मोठी असायची. स्वातंत्र्यानंतर ही जागा एरिया आणि सब एरियांनी घेतली. आजोबांच्या कागदावर पूना डिस्ट्रिक्ट दिसलं म्हणून ते पुण्याचे होते असं धरू नका.

१८९५ च्या आधी कोल्हापूरवर कुणाची लष्करी नजर होती?

बेळगावची. मुंबई फौजेच्या सदर्न डिव्हिजनचं ठाणं बेळगावात होतं. दक्षिण मराठा मुलुख म्हणजे कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, सावंतवाडी वगैरे संस्थानांचा पट्टा. त्याच्यावर वचक ठेवायला बेळगावची छावणी सोयीची होती. कोल्हापूर आणि बेळगाव यांचं लष्करी नातं मराठा सेंटरच्याही आधीचं आहे, आणि सुरुवातीला ते नातं बंदुकीच्या दोन टोकांचं होतं.

१८४४ चं गडकऱ्यांचं बंड घ्या. कोल्हापूरचे राजे तेव्हा अल्पवयीन होते आणि कंपनीनं दाजी कृष्ण पंडित यांना कारभारावर बसवलं होतं. गडावर पिढ्यान्‌पिढ्या पहाऱ्याला असलेल्या गडकऱ्यांना चाकरीबद्दल जमिनी होत्या. नव्या कारभारात त्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांच्या हाती जायला लागली. गडकऱ्याची जमीन काढली म्हणजे त्याचं गडावरचं असणंच काढलं. गडहिंग्लजजवळच्या सामानगडानं आधी दरवाजे लावून घेतले, मग भुदरगडानं. बेळगावहून फौज आली. तिला वाटलं होतं दोन-चार दिवसांचं काम आहे, पण सामानगड पडायला ऑक्टोबर उजाडला. तोवर आग कोल्हापुरात आणि पन्हाळ्यावर पोचली होती. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर डांबलं. १ डिसेंबर १८४४ ला तोफांनी तट फोडून पन्हाळा घेतला गेला, आणि त्यानंतर गडांचे तट-दरवाजे पद्धतशीर पाडले. पन्हाळ्याचा चार दरवाजा पाहायला जाणाऱ्यांना तिथं दरवाजा सापडत नाही, त्यामागचं कारण हे.

माझ्या मते कोल्हापूरच्या लष्करी इतिहासात १८४४ ला १८५७ पेक्षा जास्त मान मिळायला हवा. शाळेच्या पुस्तकात तो एका ओळीत उरकतात.

१८५७ मध्ये कोल्हापुरात काय झालं?

३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात तैनात असलेली २७वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री उठली. मुंबई फौज शांत राहील असा साहेबांचा भरवसा होता, त्याला हा पहिला मोठा तडा. शिपायांनी खजिना लुटला, अधिकारी पळाले. गावाचे दरवाजे मात्र बंद राहिले. दरबारानं उघडपणे साथ दिली नाही. काही शिपाई रानात पांगले, काहींनी शहराबाहेरच्या पागेत ठाण मांडलं.

बेळगावला तेव्हा सदर्न डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल लेस्टर होते. बेळगावातली पलटणही उठणार अशी बोलवा होती, त्यामुळं त्यांचे हात बांधलेले होते. साताऱ्याकडून सदर्न मराठा इर्रेग्युलर हॉर्सचे स्वार घेऊन लेफ्टनंट केर धावत आला. पागेवर हल्ला झाला, दरवाजा फोडून आत शिरलेल्यांत केरबरोबर गणपतराव नावाचा एक स्वारही होता. केरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गणपतरावांना तो मिळणं शक्यच नव्हतं, कारण हिंदी शिपायांना तो सन्मान १९११ पर्यंत खुला नव्हता.

त्यानंतर मुंबई सरकारनं कर्नल ल ग्रांड जेकब यांना खास अधिकार देऊन धाडलं. त्यांनी पलटणीची शस्त्रं काढून घेतली आणि दोषी ठरवलेल्यांना तोफेच्या तोंडी दिलं, फाशी दिलं, गोळ्या घातल्या. ६ डिसेंबरला शहरात पुन्हा उठाव झाला, वेशीचे दरवाजे आतून लागले. जेकबनं दरवाजा उडवून शहर घेतलं. राजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय ठेवून त्यांना कराचीला पाठवलं. १८६९ मध्ये ते तिथंच वारले.

मग कोल्हापुरात बेळगाव किंवा देवळालीसारखी मोठी छावणी का उभी राहिली नाही?

एक म्हणजे हे संस्थान होतं. इंग्रजांना स्वतःच्या अमलाखालच्या जागेत, आपल्या कायद्यानं चालणारी छावणी हवी असे. दुसरं, बेळगाव हाकेच्या अंतरावर होतं. काही काळ इथं ब्रिटिश फौज राहिली, पण कायमची मोठी छावणी आणि तिचं बोर्ड असं काही झालं नाही. महाराष्ट्रात कॅन्टोन्मेंट बोर्डं आहेत ती पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी या सात ठिकाणी. त्या यादीत कोल्हापूर कधीच नव्हतं.

पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली माणसं कुठं लढली?

सगळ्यात जास्त मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. आणि इथं पुण्याचा थेट संबंध येतो.

किचनेरच्या रचनेत डिव्हिजन ही शांततेत प्रदेश सांभाळायची आणि युद्धात लढायला जायची. पुण्याच्या डिव्हिजनचं नाव सहावी (पूना) डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये तिची पहिली ब्रिगेड फावच्या किनाऱ्यावर उतरली, महिना संपायच्या आत बसरा घेतलं. पुढच्या वर्षी जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन टायग्रिसच्या काठानं बगदादच्या दिशेनं चढत गेली. टेसिफोनला अडली आणि मागं हटून कूट गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला.

डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती : १०३वी, ११०वी आणि ११७वी. वेढा पावणेपाच महिने चालला. धान्य संपत गेलं तसा घोड्याचा बळी जाऊ लागला. ते मांस खाण्याला कित्येक हिंदी शिपायांनी नकार दिला आणि उपाशी राहिले. सोडवायला आलेल्या फौजा चार महिने धडका देत राहिल्या आणि पोचल्या नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला जवळपास तेरा हजार माणसांनी शस्त्रं ठेवली. कैद झालेल्यांतले कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या खेड्यांत 'बसऱ्याला गेलेला' हा शब्दप्रयोग जुन्या बायकांच्या तोंडी ऐकायला मिळे, तो या मोहिमेतून आलेला.

यातून एक धडा प्रशासनाचाही मिळाला. डिव्हिजन लढायला गेली आणि तिचा प्रदेश वाऱ्यावर पडला. भरती, राखीव शिपाई, मागची रसद हे बघायला माणसंच उरली नाहीत. १९२० मध्ये लढणारी आणि जागा सांभाळणारी साखळी वेगळी करण्यामागं हा अनुभव होता.

संस्थानचं सैन्य, म्हणजे राजाराम रायफल्स, दक्षिण कमांडच्या हुकमात होतं का?

शांततेत नाही. राजाराम रायफल्स ही छत्रपतींची पलटण. संस्थानाचा इंग्रजांशी व्यवहार रेसिडेंटमार्फत चाले, आणि १९३३ मध्ये दख्खनच्या संस्थानांची एजन्सी झाली तेव्हा तिचं ठाणं कोल्हापुरातच होतं. कमांडचा सेनापती कोल्हापूरच्या पलटणीला सरळ हुकूम सोडू शकत नसे. युद्धात पलटण सरकारच्या स्वाधीन केली तरच ती त्यांच्या साखळीत येई.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानी फौजांपैकी काही मोडल्या, काही भारतीय सेनेत घेतल्या. राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीत गेली आणि १९ मराठा लाइट इन्फंट्री (कोल्हापूर) झाली. बडोद्याच्या पलटणीची २० मराठा झाली, हैदराबादच्या पलटणीची २२ मराठा. कंसातलं ते गावाचं नाव अजून टिकून आहे. संस्थान गेलं, दरबार गेला, पण सैन्याच्या यादीत कोल्हापूर शिल्लक राहिलं ते असं.

वळिवड्याचा कॅम्प लष्करी होता का?

नव्हता. तो निर्वासितांचा होता. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून सुटून आलेल्या पोलिश लोकांना १९४३ ते १९४८ या काळात तिथं ठेवलं होतं. पाचेक हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्यांना युद्धकैदी म्हणणं साफ चूक आहे. पुढं त्याच भागात सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं.

स्वातंत्र्यानंतर दक्षिण कमांडनं लढलेली पहिली मोठी मोहीम कोणती?

हैदराबाद, सप्टेंबर १९४८. तिचा मूळ आराखडा इंग्रज सेनापती लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनी केला होता. ते गेल्यावर राजेंद्रसिंहजी हे कमांडचे पहिले भारतीय प्रमुख झाले आणि कारवाई त्यांच्या हाताखाली झाली. मुख्य धडक सोलापूरहून : मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची पहिली आर्मर्ड डिव्हिजन १३ सप्टेंबरच्या पहाटे नळदुर्गच्या वाटेनं निजामाच्या हद्दीत घुसली. दुसरी बाजू विजयवाड्याकडून. १७ तारखेला निजामानं शस्त्रसंधी मान्य केली, १८ ला चौधरींपुढं शरणागती झाली.

गंमत अशी की भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबाद संस्थानात घुसत होत्या तेव्हा कोल्हापूर स्वतःही अजून वेगळं संस्थानच होतं. विलीनीकरणाला साडेपाच महिने बाकी होते.

गोवा मुक्तीच्या वेळी कोल्हापूर-बेळगाव भागाचा काय वाटा होता?

मोहीम दक्षिण कमांडची, तळ बेळगावचा. तेव्हा कमांडचे प्रमुख तेच जयंतनाथ चौधरी होते, आता लेफ्टनंट जनरल. जमिनीवरची जबाबदारी मेजर जनरल कँडेथ यांच्या १७व्या इन्फंट्री डिव्हिजनवर आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५०व्या पॅरा ब्रिगेडवर. १८ डिसेंबर १९६१ ला फौजा आत गेल्या. पूर्वेकडून अनमोड घाटानं ६३वी ब्रिगेड, उत्तरेकडून पॅरा. उत्तरेकडच्या तुकड्यांचं काम खरं तर दुय्यम ठरवलेलं होतं, पण सगत सिंग इतक्या वेगानं उतरले की १९ ला पणजीत पहिल्यांदा तेच पोचले. त्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती दिली. साडेचारशे वर्षांचा अंमल ३६ तासांच्या आसपास आटोपला.

इथं एक धागा फारसा कुणी जोडत नाही. पॅरा ब्रिगेडमध्ये फोंड्याकडे गेलेली पलटण होती २ पॅरा (मराठा). ही कुठून आली? आधी ती मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. आणि १९२२ ची पुनर्रचना होण्यापूर्वी? ११०वी मराठा. म्हणजे कूटच्या वेढ्यात उपाशी राहून शस्त्रं ठेवावी लागलेली पलटण ४५ वर्षांनी छत्रीधारी पलटण म्हणून गोव्यात शिरली. दोन्ही वेळा ती पुण्याच्याच मुख्यालयाच्या छत्राखालून निघाली होती.

पुण्याची कमांड राजस्थानात कशी काय लढली?

कारण हद्द तशी आखलेली आहे. दक्षिण म्हटलं की आपल्याला केरळ-तामिळनाडू आठवतात, पण या कमांडची पाकिस्तानशी भिडणारी सरहद्द कच्छ आणि जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटात आहे. १९६५ मध्ये कच्छचं रण आणि बाडमेरचा भाग तिच्याकडं होता. १९७१ मध्ये कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर, पुढं तेच लष्करप्रमुख झाले. ४-५ डिसेंबरच्या रात्रीची लोंगेवालाची लढाई याच कमांडच्या हद्दीतली. आज जोधपूरची १२वी कोअर आणि भोपाळची २१वी कोअर तिच्या हाताखाली आहेत. २००५ मध्ये जयपूरला दक्षिण-पश्चिम कमांड नवी झाली तेव्हा राजस्थानचा काही भाग तिच्याकडे गेला. तरी क्षेत्रफळानं दक्षिण कमांड सगळ्यांत मोठी आहे.

१९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेची जबाबदारीही दक्षिण कमांडकडंच होती.

टेंबलाईच्या टेकडीवर काय आहे? त्याला 'मिलिटरी कॅम्प' म्हणायचं का?

म्हणतात, आणि काही बिघडत नाही. तिथं १०९ इन्फंट्री बटालियन (टेरिटोरियल आर्मी) मराठा लाइट इन्फंट्री आहे. शहरातला रिक्षावाला 'टीए बटालियन' म्हटलं की बरोबर नेतो.

टेरिटोरियल आर्मीची कल्पना अशी की माणसानं आपला धंदा-नोकरी सांभाळून वर्षातला काही काळ वर्दी घालायची आणि गरज पडली की पूर्णवेळ हजर व्हायचं. कायदा १९४८ चा, रीतसर सुरुवात ९ ऑक्टोबर १९४९ ला. आता इन्फंट्री बटालियनचे जवान बरीच वर्षं सलग तैनात असतात, काश्मीर आणि ईशान्येतही जातात. त्यामुळं 'अर्धवेळ फौज' हे वर्णन निम्मंच खरं.

टीएची भरती निघाली की आदल्या रात्रीपासून टेकडीच्या रस्त्याला पोरांची रांग लागते. परजिल्ह्यातली, कर्नाटकातलीही असतात. फुटपाथवर बॅग उशाला घेऊन झोपलेली, पहाटे चारला उठून वॉर्म-अप करणारी. त्याच टेकडीवर त्र्यंबोलीचं देऊळ. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिथं येते, कोहळा फुटतो आणि बटालियनच्या कुंपणाबाहेर पाळणे आणि चुरमुऱ्याचे ढीग लागतात. इतक्या गर्दीच्या वस्तीत लष्करी ठाणं असणं सोपं नाही. कुंपणाच्या बाजूनं ड्रोन उडवू नका किंवा फोटो काढू नका असं सांगितलं तर हुज्जत घालू नये.

कोल्हापूरचं भरती कार्यालय दक्षिण कमांडच्या ताब्यात आहे का?

नाही. भरतीची साखळी तिसरीच आहे. कोल्हापूरचं आर्मी रिक्रूटिंग ऑफिस पुण्याच्या रिक्रूटिंग झोनखाली आणि झोन दिल्लीखाली. कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतले, तसंच गोव्याचे उमेदवार या कार्यालयाकडं येतात. अग्निपथ योजना जून २०२२ ला जाहीर झाली आणि २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान, असा क्रम झाला. बेळगावच्या सेंटरवर जवानांच्या आणि माजी जवानांच्या मुला-भावांसाठी वेगळ्या भरत्या निघतात, त्या सगळ्यांना खुल्या नसतात. 'पुण्यात कमांडमध्ये माझी ओळख आहे, काम करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्या कमांडला तुमच्या मुलाच्या भरतीशी देणंघेणंच नाही.

सैनिक टाकळीसारखी गावं कशी तयार झाली?

शिरोळ तालुक्यातल्या या टाकळीत पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जायची रीत पडली आणि गावाच्या नावाला सैनिक जोडलं गेलं. घराघरात एक तरी वर्दी. साताऱ्याकडं अपशिंगे मिलिटरीचं तसंच. कारण शौर्य सांगतात आणि ते आहेच, पण पहिल्या महायुद्धात भरती अधिकारी एका गावात गेला की नात्यातली माणसं एकमेकांना ओढत नेत. नियमित पगार आणि पेन्शन घरात यायला लागल्यावर पुढच्या पिढीला दुसरा विचार सुचत नसे. चंदगड, आजरा, भुदरगड या डोंगरी तालुक्यांत जमीन थोडी आणि पाऊस भरपूर. तिथं हेच गणित चाललं.

महापुरात लष्कर येतं ते कुणाच्या हुकमानं?

जिल्हाधिकारी मागणी करतात, राज्य सरकारमार्फत ती लष्कराकडं जाते आणि एरिया-सब एरियाची साखळी तुकड्या पाठवते. लष्कर आपण होऊन शहराचा ताबा घेत नाही, मुलकी प्रशासनाच्या मदतीला येतं. जागा सांभाळणाऱ्या साखळीचा उपयोग सामान्य माणसाला दिसतो तो अशा वेळी.

ऑगस्ट २०१९ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली, त्यामुळं पुण्याहून येणारी कुमक रस्त्यानं येऊ शकत नव्हती. लष्कर, नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ सगळे उतरले. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांत बोटी घरांच्या पहिल्या मजल्याला लागत होत्या. स्थानिक टीए बटालियन जागेवर असणं किती मोलाचं, ते त्या आठवड्यात कळलं. सब एरिया कुठं असावी, तळ कुठं असावेत, याची चर्चा सरहद्दीपुरतीच होते. महामार्ग तुटला की कोल्हापूर बेट होतं, हेही त्या हिशेबात धरायला हवं असं मला वाटतं.

एनसीसी दक्षिण कमांडमध्ये येते का?

नाही. कोल्हापूरचं एनसीसी ग्रुप हेडक्वार्टर महाराष्ट्र संचालनालयाखाली येतं.

पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते. त्यांची नोंद कुठं मिळेल?

आधी पलटणीचा जुना क्रमांक शोधा. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. देवघरात किंवा ट्रंकेत पदक असेल तर ते घासून चमकवू नका, अक्षरं जातात. १९२२ मध्ये क्रमांक बदलले : १०३वी झाली १/५ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन), १०५वी २/५, ११०वी ३/५, ११६वी ४/५, ११७वी ५/५ आणि ११४वी बेळगावची प्रशिक्षण बटालियन १०/५.

युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा, 'पाटील'चं काय काय केलेलं आहे ते पाहून हसू येईल. मेसोपोटेमियात गेलेल्यांची नावं बसरा स्मारकाखाली येतात. त्या स्मारकाच्या दगडावर इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी सुभेदार-जमादारांची आहेत, पण साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा कोरला आहे. नावं कागदी यादीत आहेत आणि आता ती शोधता येतात. गावात चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' अशी जुनी पाटी असेल तर तीही बघा. तिच्यावरही बहुतेक आकडाच असतो.

पेन्शन, ओळखपत्र, वीरपत्नींच्या सवलती यासाठी पुण्याला कमांडकडं अर्ज करायचा का?

करू नका, तो फिरून खालीच येतो. पहिला दरवाजा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. सेवापुस्तकातली चूक, नावातला फरक, वारस नोंद यासाठी पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस, मराठा जवानांच्या बाबतीत बेळगाव. पेन्शनचा हिशेब आता स्पर्श प्रणालीत असतो आणि दरवर्षी हयातीचा दाखला तिथंच भरावा लागतो. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँक पासबुक यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही न्या, आणि चारही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते घरीच तपासा.